पुन्हा चपाती

डॉक्टर पिशवीतला एकेक कागद काढून टेबलावर मांडताहेत. तारखेप्रमाणे, जुना आधी. वहिनी खुर्चीच्या काठावर बसल्या आहेत आणि भाची त्यांच्या खांद्याला टेकून उभी आहे. ती 13 वर्षांची. मघाशी वजनकाट्याशी सिस्टरनी तिचं वय विचारलं, लिहून घेतलं, तिच्याकडे पाहिलं आणि दादाला पुन्हा एकदा विचारलं. वजन 25 किलो भरलं.

कागद संपत नाहीत. पहिला तालुक्याच्या गावचा: पोटात जंत, जंताच्या गोळ्या. मग रक्त कमी, लोहाचं सिरप. मग पुन्हा रक्त कमी, लोहाच्या गोळ्या, सोबत गूळ-शेंगदाणे खाण्याचा सल्ला. मग पोटदुखी अभ्यासाच्या ताणामुळे, मुलीशी प्रेमाने बोला. मग सोनोग्राफीत आतड्याजवळच्या गाठी थोड्या मोठ्या दिसल्या म्हणून टीबीची शंका, आणि नुसत्या शंकेवर दिलेला टीबीच्या औषधांचा पूर्ण कोर्स. त्या गोळ्यांनी लघवी लाल व्हायची आणि पोर घाबरून रडायची, हे वहिनी खालच्या आवाजात सांगतात. कोर्स संपला, जुलाब थांबले नाहीत, उंची वाढली नाही. शाळेतल्या बाई म्हणाल्या, पीटीच्या तासालाच बरोबर हिचं पोट दुखतं. घरात पाहुणे म्हणाले, खाल्लेलं अंगाला लागत नाही.

डॉक्टर हिमोग्लोबिनच्या प्रत्येक आकड्याभोवती पेनाने गोल काढतात. 7.9. 8.2. 7.8. 8.1.

"इतका काळ लोह पोटात जातंय आणि आकडा जागचा हललेला नाही. का हलत नाही, हे कुणी विचारलं का?"

दादा मान हलवून नाही म्हणतो. मला त्या गोलांकडे बघवत नाही. उत्तर इतक्या दिवसांपासून कागदावर होतं आणि ते पिशवीत घालून आम्ही दारोदार फिरत होतो.

शेवटचा कागद खासगी प्रयोगशाळेचा आहे. टीटीजी आयजीए, निगेटिव्ह. डॉक्टर तो उचलून उजेडाकडे धरतात.

"ही तपासणी कुणी करायला सांगितली?"

"माझ्या भावानं," वहिनी म्हणतात. भाऊ फौजेत आहे, सध्या अंबाल्याला. त्याच्या तुकडीतल्या एका हरियाणवी जवानाच्या मुलाचं असंच होतं. तिकडे याला सरळ 'गेहूँ की एलर्जी' म्हणतात आणि गावातल्या साध्या डॉक्टरलाही ती ठाऊक असते. त्याने फोनवर सांगितलं, ताई, तिची चपाती बंद कर. वहिनींनी त्याच दिवशी बंद केली. ज्वारीची भाकरी, भात, नाचणी. काही आठवड्यांत जुलाब थांबले, पोर संध्याकाळी अंगणात खेळायला जाऊ लागली. मग दादाला वाटलं, एकदा तपासणी करून खात्री करावी. ती निगेटिव्ह आली. गावचे डॉक्टर म्हणाले, सिलिॲक नाही, हा पंजाब-हरियाणाकडचा आजार, आपल्याकडे कुठला? खुशाल चपाती द्या.

"म्हणजे रक्त दिलं तेव्हा गहू बंद होता?"

"पूर्ण बंद, डॉक्टर. बिस्किटसुद्धा नाही." वहिनींच्या आवाजात अभिमान आहे. लेकराला जपल्याचा.

डॉक्टर पेन खाली ठेवतात आणि खुर्ची पुढे ओढून वहिनींच्या समोर येऊन बसतात. या आजारात गव्हातल्या ग्लुटेनमुळे शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच लहान आतड्यावर उलटते, त्या सांगतात. टीटीजीची चाचणी त्या वेळी रक्तात तयार होणारी आयजीए प्रकारची प्रतिपिंडं मोजते. गहू थांबला की प्रतिपिंडं हळूहळू ओसरतात आणि चाचणीला काही सापडत नाही. शिवाय या रिपोर्टमध्ये रक्तातल्या एकूण आयजीएचा आकडाच नाही. काही माणसांच्या शरीरात आयजीए मुळातच फार कमी असतं आणि सिलिॲकच्या रुग्णांत अशी माणसं इतरांपेक्षा जास्त सापडतात. त्यांची चाचणी आजार असूनही निगेटिव्ह येते. दोन्ही कारणांनी हा कागद निरुपयोगी आहे.

"मग आता?" दादा विचारतो.

"पुन्हा गहू सुरू करायचा. रोज दोन्ही वेळच्या जेवणात, निदान सहा आठवडे. मग रक्त, आणि लागलं तर एंडोस्कोपी."

वहिनी भाचीचा हात घट्ट धरतात. "बरी झालेली पोर मी पुन्हा आजारी पाडू? तुमची मुलगी असती तर दिली असती तुम्ही चपाती?"

डॉक्टर घाईने उत्तर देत नाहीत. भाचीकडे बघतात, मग वहिनींकडे. "दिली असती. हा आजार असेल तर हिला जन्मभर गहू सोडायचाय. लग्नात, प्रवासात, हॉस्टेलवर, उद्या सासरी. हातात पक्का कागद नसेल तर प्रत्येक जण म्हणेल, थोडं खाल्ल्यानं काय होतंय. आणि हा आजार नसेल, दुसरंच काही असेल, तर गव्हावर खापर फोडून आपण ते चुकवू."

दादा जनुकांच्या तपासणीबद्दल विचारतो, कुठेतरी वाचलंय त्याने. ती करता येते, डॉक्टर म्हणतात. डीक्यू2 आणि डीक्यू8 ही दोन्ही जनुकं नसली तर सिलिॲक जवळजवळ नाहीच म्हणता येतं. पण असली तर काही सिद्ध होत नाही, कारण तिनातल्या एका धडधाकट माणसात ती सापडतात.

भाची पहिल्यांदाच बोलते. "किती खायची रोज?"

"सकाळी एक, रात्री एक."

ती मान डोलावते. तिला कुणी संमती विचारलेली नाही, तरी ती देते.

०

फलटणच्या पलीकडचं दादाचं घर. संध्याकाळचे सात वाजताहेत. वहिनी चपाती लाटताहेत आणि तव्याकडे बघत नाहीत. भाची पाटावर बसून आहे, पोट फ्रॉकमधून वर आलेलं, हातपाय काड्या झालेले. तिच्याशेजारी वही आहे. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ती रोज लिहिते: काय खाल्लं, किती वेळा संडासला गेले, कुठे दुखलं. अक्षर सुवाच्य आहे. आजच्या पानावर दुपारच्या रकान्यात लिहिलंय, 'शाळेतून लवकर आले'.

आई दारातून बघते आहे. तिला हे पटलेलं नाही. "लेकराला जे बाधतंय तेच खायला घालायचं, ही कुठली डॉक्टरकी?" ती मला विचारते. वहिनींना ऐकू जातं. लाटणं क्षणभर थांबतं, पुन्हा चालू होतं.

मी आईला समजावते. समजावताना मला हॉलंडमधला विलेम डिके आठवतो, हेग शहरातला मुलांचा डॉक्टर. त्याच्याकडे अशीच मुलं होती, फुगलेल्या पोटांची, वाळलेल्या हातापायांची. काही मुलांना ब्रेड सोसत नाही, हा संशय त्याला आधीपासून होता. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम हॉलंडमध्ये अन्न संपलं, लोक ट्यूलिपचे कंद खाऊन जगले, गव्हाचा ब्रेड दिसेनासा झाला. सगळीकडे उपासमार असताना ही आजारी मुलं मात्र सुधारली. नाकेबंदी उठली, ब्रेड परत आला आणि ती पुन्हा खालावली. पुढे डिकेने मुलांना बारीक लक्ष ठेवून कधी गहू दिला, कधी काढला, नोंदी ठेवल्या आणि 1950 साली उत्रेख्त विद्यापीठात त्यावर प्रबंध लिहिला. गहू काढून कळलं, तितकंच गहू परत दिल्यावर कळलं.

आई ऐकून घेते. मग म्हणते, "आमच्या लहानपणी गहू सणालाच. होळीला पोळी, न्हाईतर पाव्हणं आलं तर. रोज भाकरीच. गव्हानं कुणाला काय झाल्याचं मी न्हाई ऐकलं."

ती सहज बोलून जाते, पण संशोधकही त्याच जागी पोचले आहेत. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या 23,000 हून अधिक प्रौढांची तपासणी झाली. उत्तरेत सिलिॲक हजारांत आठ-नऊ जणांना निघाला, दक्षिणेत दहा हजारांत जेमतेम एकाला. त्या दोन जनुकांचं प्रमाण मात्र तिन्हीकडे जवळजवळ सारखं होतं. फरक ताटात होता: उत्तरेत माणशी रोज सरासरी 455 ग्रॅम गहू, दक्षिणेत 25 ग्रॅम. आपण या दोन टोकांच्या मध्ये राहतो. आईच्या पिढीची भाकरी आमच्या पिढीत चपाती झाली. रेशनवर गहू, डब्यात चपाती, सकाळी चहाबरोबर बिस्किट, संध्याकाळी पाव. ज्या आजाराला जागा नव्हती त्याला आपल्या स्वयंपाकघरात जागा झाली आहे, आणि 'आपल्याकडे कुठला' हे वाक्य मात्र जुन्याच ताटाच्या भरवशावर अजून बोललं जातं. ते बोलणाऱ्याने एकदा ही वही वाचावी.

वहिनी चपाती वाढतात. भाची आमटीत बुडवून खाते, शेवटच्या घासापर्यंत. वहिनी स्वतः भातच घेतात, तोही पातळ ताकाबरोबर. तोंड आलंय त्यांचं, तिखट सोसत नाही. "हे माझं नेहमीचंच," त्या म्हणतात आणि भाचीच्या पाठीवर हात ठेवून बसतात. अजून आठ वाजायचे आहेत. भाची उठते, पोट धरून मागच्या दाराकडे जाते. वहिनी वही ओढून घेतात आणि वेळ लिहितात.

०

एंडोस्कोपी विभागाच्या बाहेर बाकावर आम्ही तिघं. आतमध्ये भाचीला भूल देताहेत. रात्रीपासून तिच्या पोटात काही नाही. रक्ताचा नवा रिपोर्ट दादाच्या शर्टाच्या खिशात आहे. एकूण आयजीए पुरेसं आहे आणि टीटीजी वरच्या मर्यादेच्या सहापट. लहान मुलांत हा आकडा दहापटींच्या वर गेला आणि दुसऱ्या एका रक्तचाचणीने दुजोरा दिला, तर बायोप्सीशिवायही निदान करता येतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. सहापटीवर तसं करता येत नाही. आणि टीबीचा तो जुना संशयही कायमचा मिटवायचा आहे.

दादा उठतो, बसतो, पुन्हा उठतो. "हे सगळं पहिल्याच वर्षी का नाही झालं?" तो विचारतो. मला विचारतो की भिंतीला, कळत नाही. माझ्याकडे एकच उत्तर आहे आणि ते मला छळतं आहे. प्रत्येकाने आपल्या समोर आलेलं एक लक्षण पाहिलं. रक्त पाहणाऱ्याने पोटाचं विचारलं नाही, पोट पाहणाऱ्याने उंची मोजली नाही, उंचीची काळजी करणाऱ्याने आईबाप बुटके आहेत म्हणून सोडून दिलं. सोसत नसलेल्या मुलीला नाटकी म्हणणं या सगळ्यांपेक्षा सोपं होतं. ते मात्र सगळ्यांनी केलं.

दार उघडतं. डॉक्टर मास्क खाली करून आम्हाला आत बोलावतात. भाची अजून गुंगीत आहे. स्क्रीनवर लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा फोटो थांबवून ठेवलाय. "इथे दाट, गोल घड्या दिसायला हव्यात," डॉक्टर बोटाने दाखवतात. "हिच्या विरळ आहेत आणि कडा अशा दातेरी झाल्या आहेत." शेजारच्या ट्रेमध्ये फॉर्मालिनच्या छोट्या बाटल्या. त्यांत पांढुरके कण, तांदळाच्या दाण्याहून लहान. सुरुवातीच्या फुगीर भागातून दोन तुकडे, पुढून चार. हा आजार आतड्यात ठिकठिकाणी, सुटासुटा असू शकतो. एकच तुकडा घेतला आणि तो नेमका चांगल्या जागेचा निघाला, तर पुन्हा चुकीचा कागद हातात येतो.

"लोह इथेच शोषलं जातं," डॉक्टर स्क्रीनवरची जागा दाखवून म्हणतात. "इथली शोषणारी जागाच झिजलेली असेल तर गोळ्या कितीही घ्या."

वहिनी त्या फोटोकडे बघत राहतात. हिमोग्लोबिनच्या सगळ्या गोलांचं कारण समोर आहे. त्या काही बोलत नाहीत, पण पिशवीचा बंद त्यांनी मुठीत गच्च धरलाय.

०

रिपोर्ट आला आहे. तेच टेबल, पण आज त्यावर एकच कागद. डॉक्टर वाचून दाखवतात. आतड्याच्या अस्तरावरचे सूक्ष्म अंकुर, ज्यांच्यातून अन्नरस शरीरात जातो, ते बरेचसे खुरटले आहेत. त्यांच्या तळच्या खोबणी लांबल्या आहेत. अस्तरात लिम्फोसाइट पेशींची गर्दी आहे. टीबीची खूण कुठेही नाही. तळाशी लिहिलंय, मार्श 3 बी. मायकेल मार्श या इंग्रज डॉक्टरने 1992 साली या बदलांच्या पायऱ्या लावून दिल्या, म्हणून त्याचं नाव. रक्त, फोटो, बायोप्सी, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. सिलिॲक डिसीज.

"म्हणजे ती खोटं बोलत नव्हती," वहिनी म्हणतात.

"कधीच नव्हती," डॉक्टर थेट भाचीकडे बघून म्हणतात. "पीटीच्या तासाला तुझं पोट खरंच दुखत होतं."

भाचीचा चेहरा मी पाहते. तिच्या डोळ्यांत पाणी आहे आणि ती ते पुसत नाही. इतकी वर्षं तिच्यावर औषधांचे प्रयोग झाले, पण विश्वास हे औषध तिला आज पहिल्यांदा मिळतं आहे. आजाराला नाव मिळाल्याने कुणाला आनंद व्हावा, हे मला पूर्वी समजलं नसतं.

आहारतज्ज्ञ बाई यादी घेऊन येतात. गहू, रवा, मैदा, शेवया, दलिया, जव. सातूचं पीठ नाही, कारण त्यात गहू असतो. थालीपीठाची भाजणी घरी गव्हाशिवाय करायची. खपली गहू चालतो असं कुणी सांगेल, तो चालत नाही, खपली हाही गहूच. बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, म्हणून फोडणीचा हिंगही तपासून घ्यायचा. दुधात घालायच्या पावडरींमध्ये जवाचं माल्ट असतं. पाकिटावर 'ग्लुटेन फ्री' लिहायचं तर आपल्या कायद्याने एका किलोत 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, ते वाचायची सवय लावायची.

"गिरणीत काय करता?" त्या विचारतात.

"ज्वारी दळून आणतो," दादा म्हणतो.

"गव्हावर दळलेली?"

दादा गप्प होतो. गावात एकच गिरणी, दिवसभर तिच्यात गहूच पडतो.

"ते पीठ हिला चालणार नाही. जात्यात राहिलेला गहूही पुरेसा असतो. जमलं तर घरघंटी घ्या, आणि तिच्यात गहू कधीच घालू नका."

दादा घरघंटीची किंमत विचारतो. बाई सांगतात. तो मनाशी हिशेब करतो आणि "घेऊ" म्हणतो. टीबीच्या त्या कोर्सवर आणि पुन्हा पुन्हा केलेल्या तपासण्यांवर याहून कितीतरी जास्त गेले आहेत. या आजाराच्या औषधाला मात्र दुकानही लागत नाही. ते ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा होऊन आमच्याच शेतात आणि कणगीत होतं.

"आता पुन्हा गोंधळ नको," वहिनी म्हणतात. "आजपासून घरात गहूच नाही. मीसुद्धा सोडते. तिच्यासमोर मी चपाती कशी खाऊ?"

डॉक्टर मान वर करतात. "तुम्ही नका सोडू. आज तरी नको." मग विचारतात, "तुम्हाला तोंड वारंवार येतं का? रक्त कमी असतं का?"

"लग्नाआधीपासून. बायकांचं असतंच."

"असतंच असं नाही." डॉक्टर तपासणीचा नवा फॉर्म ओढतात. आईबाप, भावंडं, मुलं, अशा सख्ख्या नात्यात साधारण दहा-बारा जणांत एकाला हा आजार निघतो, त्या सांगतात. त्रास नसला तरी असू शकतो. त्या तिघांची नावं लिहितात: दादा, वहिनी, शाळेत गेलेला धाकटा भाचा. "सगळ्यांनी रक्त द्या. आणि ते देईपर्यंत एकानेही चपाती बंद करायची नाही."

"माझं काय आता," वहिनी पुटपुटतात. "तिचं कळलं, बास झालं."

"वहिनी," मी म्हणते, "तिच्या तक्रारीला सगळे 'काही नाही' म्हणाले तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं?"

त्या माझ्याकडे बघतात. मग फॉर्म हातात घेऊन उठतात.

रक्त घ्यायच्या खिडकीशी रांग लहान आहे. तंत्रज्ञ मुलगा फॉर्म वाचून संगणकावर भरतो आणि बाह्या वर करायला सांगतो. वहिनी हात पुढे करतात, पण सुई टोचू देत नाहीत. आधी खिडकीतून आत वाकून स्क्रीन बघतात.

"भाऊ, टीटीजीबरोबर एकूण आयजीए टाकलंय ना? त्याशिवाय हा कागद उपयोगाचा नाही."

मुलगा पुन्हा फॉर्म बघतो. खालची ओळ त्याच्या नजरेतून सुटली आहे. तो ती भरतो.

"आणि लिहा," वहिनी म्हणतात, "सकाळी चपाती खाऊन आलेय."